आधी ब्रेक, मग टायर : जुन्या फोर बाय फोर गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या फोर बाय फोर गाड्या हौसेने सांभाळणाऱ्या आणि त्यांत सुधारणा करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे वर्षभर येत असतात. त्यांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. बहुतेकांकडे महिंद्राची जीप किंवा मारुतीची जिप्सी आहे आणि ते स्वाभाविकच आहे. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली, आणि या दोन्ही गाड्यांची नाडी ओळखणारा मिस्त्री आजही तालुक्याच्या गावी सापडतो.

प्रश्न : वडिलांनी १९८९ साली घेतलेली महिंद्रा एमएम ५४० गेली आठ वर्षे गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. बोलेरोचे इंजिन टाकावे, मोठे टायर घालावेत आणि पॉवर स्टिअरिंग बसवावे, असे मित्र सुचवतात. दोन लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, राधानगरी तालुका, जि. कोल्हापूर

उत्तर : मित्रांनी सुचविलेली तिन्ही कामे करता येण्याजोगी आहेत, परंतु त्यांतील एकही काम पहिले नव्हे. पहिले काम ब्रेकचे. बऱ्याच जुन्या जीपमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच खणाचा असतो, म्हणजे चारही चाकांना तेल एकाच वाटेने जाते. कोणत्याही एका चाकाची नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. पंधरा वर्षांपूर्वी वरंध घाट उतरताना माझ्या जीपच्या मागच्या चाकाजवळची नळी अशीच फुटली आणि पेडल थेट गाडीच्या तळापर्यंत खाली गेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि तिचा हँडब्रेक तेलावर नव्हे, तर ट्रान्स्फर केसच्या (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर चालणारा होता, म्हणून डोंगराकडच्या गटारात चाक घालून ती थांबवता आली. त्या नळीवरचा रंग शाबूत होता. गंज धरला होता तो पकडपट्टीच्या खाली, जिथे डोळ्यांना काही दिसत नाही. तेव्हापासून कोणाचीही जुनी गाडी पाहायला गेलो, की प्रथम तिच्याखाली शिरतो आणि पकडपट्ट्या सैल करून नळ्यांवरून नख फिरवतो.

म्हणून सर्व नळ्या नव्या घ्याव्यात, चाकांजवळचे रबरी होजही बदलावेत आणि मास्टर सिलिंडर एका खणाचा असेल, तर दोन खणांचा बसवून घ्यावा. रबरी होज बाहेरून चांगले दिसतात म्हणून ठेवू नयेत. ते आतून फुगतात. मग दाबलेले तेल पुढे जाते, पण परत येत नाही आणि ब्रेक चिकटून राहतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे आठ वर्षांत आपल्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजून अडकले असण्याची शक्यता फार मोठी आहे.

त्यानंतर इंजिन. बॅटरी लावून लगेच सेल्फ मारण्याचा मोह कृपा करून टाळावा. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले, तरच पुढे जावे. डिझेलची टाकी उतरवून धुवावी, कारण तळाशी साचलेला गाळ पहिल्या तासाभरातच पंपापर्यंत पोहोचतो. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असते, तेही टोकापासून टोकापर्यंत पाहावे. क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटली असेल, तर गिअर पडणार नाही. ते पाहून गिअरबॉक्स बिघडला आहे असा निष्कर्ष काढू नये.

इंजिन बदलावे का? माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे. आपल्या गाडीतले २,११२ सीसीचे, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेले डिझेल इंजिन आजच्या मानाने अशक्त आहे, हे खरे; परंतु मागचा गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि ॲक्सल हे सगळे त्याच इंजिनाच्या ताकदीला जुळलेले आहेत. अधिक जोराचे इंजिन बसवले, की तो जोर या साखळीतल्या सर्वांत कमकुवत कडीवर जाऊन पडतो. एक भाग बदलला की त्याच्या मागचा तुटतो आणि दोन वर्षांनी गाडीत वडिलांच्या गाडीचे असे फारसे काही उरत नाही. शिवाय इंजिन बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची लेखी परवानगी आणि नंतर नोंदणी पुस्तकात नोंद आवश्यक असते. मूळ इंजिन झिजले असेल, तर आपण कोल्हापूरजवळ राहता हे आपले भाग्यच समजावे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग यांसारखी कामे शिवाजी उद्यमनगरात होतात. मायक्रोमीटरची मापे कागदावर लिहून देणारे वर्कशॉप निवडावे.

पॉवर स्टिअरिंगला माझा विरोध नाही, मात्र त्याचा बॉक्स ज्या ब्रॅकेटवर बसतो ते नुसते चेसिसला वेल्ड केले, तर चेसिसलाच भेग पडते; आतून जाड पट्टी घालून आरपार बोल्ट घ्यावेत. ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावणार असाल, तर हेही लक्षात ठेवावे की पेट्रोल इंजिनाप्रमाणे डिझेल इंजिनातून आयता व्हॅक्यूम मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो, जो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. दोन लाखांपैकी निदान निम्मी रक्कम ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग आणि चाकांची बेअरिंग यांसाठी राखून ठेवावी आणि टायर मूळ मापाचेच घ्यावेत.

प्रश्न : माझी सीजे ३बी जीप ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेली आणि एखादा खड्डा लागला, की पुढची चाके जोरजोराने थरथरू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ती शांत होत नाहीत. व्हील बॅलन्सिंग दोनदा केले. आता स्टिअरिंग डॅम्पर बसवण्याचा सल्ला मिळाला आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : डॅम्पर आत्ता बसवू नये. तो थरथर दाबून टाकील, पण ज्या ढिलाईमुळे ती होते ती ढिलाई तशीच वाढत राहील आणि एके दिवशी डॅम्परलाही आवरणार नाही.

या जीपमध्ये स्टिअरिंग बॉक्सची हालचाल थेट चाकांपर्यंत जात नाही. मध्ये, पुढच्या आडव्या क्रॉस मेंबरवर एका खुंटीभोवती फिरणारा बेल क्रँक आहे. त्याला एका बाजूने स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड जोडलेले असतात. ही खुंटी आणि तिची बेअरिंग झिजली, की चाकांना थोडे स्वैर हलायला जागा मिळते. तपासणी अगदी सोपी आहे. गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे दोन-दोन बोटे हलवावे आणि दुसऱ्याने खाली झोपून बेल क्रँकवर तळहात ठेवावा. निरोगी बेल क्रँक फक्त फिरतो. झिजलेला आधी वर-खाली डुलतो आणि मग फिरतो. ते डुलणे हाताला जितके स्पष्ट कळते, तितके डोळ्यांना दिसत नाही. त्याचा दुरुस्ती संच मिळतो आणि तो महागही नाही.

बेल क्रँक ठीक असेल, तर पुढचा संशय किंगपिनवर. या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना गोळ्यासारखी बंद घरे असतात आणि चाक ज्या वरच्या-खालच्या किंगपिन बेअरिंगवर वळते, त्यांचा ताण पातळ शिमांनी ठरवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या झिजेने हा ताण नाहीसा होतो. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवावे आणि त्याच वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तरीही राहिली, तर किंगपिनमध्ये. शिमा काढून ताण पुन्हा बसवण्याचे काम मॅन्युअल समोर ठेवून, स्प्रिंगच्या काट्याने ओढ मोजूनच करावे. अंदाजाने केले, तर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही आणि घाटात ते थरथरीपेक्षाही वाईट. टाय रॉडची टोके आणि स्प्रिंगचे पाटे चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बुश याच वेळी पाहून घ्यावेत. हे सर्व झाल्यावरही हौस असेल, तर डॅम्पर खुशाल बसवावा.

प्रश्न : माझ्या २००४ च्या जिप्सीला मी लांब शॅकल लावून उंची वाढवली आणि २३५/७५ आर १५ मापाचे टायर घातले. गाडी दिसते सुंदर, पण चढावर दम लागतो, सरळ रस्त्यावर ती भरकटते आणि सरासरी लिटरला ११ वरून ९.५ किलोमीटरवर आली आहे. इंजिनात काही सुधारणा करावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : इंजिनाचा यात काहीही दोष नाही. आपल्या गाडीचा मूळ टायर २०५/७० आर १५ मापाचा. त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. नव्या टायरचा सुमारे ७३४ मिलिमीटर. फरक जवळजवळ १० टक्क्यांचा आहे, आणि तेवढ्याच प्रमाणात आपले सगळे गिअर लांब झाले आहेत. १,२९८ सीसीच्या इंजिनाला हे जाणवणारच. काटा ६० दाखवतो, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने जात असते, ही गोष्ट मात्र रस्त्यावर फार जपून लक्षात ठेवण्याची आहे. याच कारणाने किलोमीटरची नोंदही कमी होते. आपली ९.५ ची सरासरी प्रत्यक्षात सुमारे १०.४ आहे, म्हणजे तोटा झाला आहे, पण वाटतो तेवढा नाही. आणि इतके सारे करून टायरमुळे ॲक्सलखालची उंची वाढली ती या फरकाच्या निम्मी, म्हणजे ३३ मिलिमीटर. माणसाच्या दोन बोटांएवढी.

भरकटण्याचे कारण शॅकल. पुढच्या पाट्याचे एक टोक लांब शॅकलने खाली ढकलले, की पाटा तिरका होतो, त्याच्यासोबत ॲक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टरचा मूळ कोन बिघडतो. हा कोनच चाकांना सरळ धरून ठेवत असतो. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची पाचर घालून तो परत आणता येतो, पण त्याहून मी असे सुचवीन की मूळ शॅकल परत लावावेत, दबलेले पाटे कमान देऊन घ्यावेत किंवा बदलावेत आणि टायर २१५/७५ आर १५ मापाचे घालावेत. त्यांचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, म्हणजे फरक ५ टक्क्यांच्या आसपास राहतो आणि जिप्सीचा स्वभाव बदलत नाही. ॲक्सलमधल्या क्राऊन पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचे गुणोत्तर बदलून मोठे टायर ठेवण्याचाही मार्ग आहे, मात्र पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे गुणोत्तर एकच हवे, अन्यथा फोर बाय फोर लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील.

कायद्याचीही बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली आहे. पुढे लोखंडी बुल बार लावण्याचा विचार असेल, तर तोही सोडून द्यावा. धडकेत त्याचा सगळा भार चेसिसवर जातो आणि समोर पादचारी असेल, तर त्याच्या वाचण्याची आशा त्याने कमी होते.

प्रश्न : पावसाळ्यात ओढा ओलांडल्यानंतर महिन्याभराने आमच्या २००१ च्या जिप्सीच्या मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमधून दुधाळ तेल निघाले. सील नवे होते. मग पाणी शिरले कुठून?
— एक वाचक, गुहागर, जि. रत्नागिरी

उत्तर : पाणी सीलमधून ढकलले गेले नाही, तर आत ओढले गेले. तासभर चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडतो, तेव्हा त्याच्या पोकळीतली हवा झटकन आकुंचन पावते आणि आत ओढ निर्माण होते. ही ओढ सोडवण्यासाठी ॲक्सलच्या पाठीवर एक लहानसा श्वासनलिकेसारखा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला असेल, तर सीलच्या ओठांतून पाणी आत येते. आणि तो मोकळा असून पाण्याखाली असेल, तर त्याच्यातूनच येते. उपाय पन्नास-शंभर रुपयांचा आहे. ब्रीदरला तेल सहन करणारी रबरी नळी जोडून ती वर, इंजिनाच्या खोलीत उंच जागी नेऊन बांधावी. मागचा ॲक्सल, पुढचा ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस या चारही ठिकाणी हे करावे. मागच्या ॲक्सलच्या नळीला चाक वर-खाली होण्याइतकी ढील ठेवण्यास विसरू नये. स्नॉर्केलवर (इंजिनाची हवा उंचावरून घेणाऱ्या नळकांड्यावर) पैसे घालण्याआधी ही नळी घालावी, असे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

दुधाळ, ताकासारखे झालेले तेल एकदा बदलून भागत नाही. स्वस्त तेल भरून पाच-दहा किलोमीटर गाडी फिरवावी, ते गरम असतानाच काढावे आणि मग योग्य प्रतीचे तेल भरावे. पाणी तसेच राहिले, तर बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात आणि काही महिन्यांनी गुणगुण ऐकू येऊ लागते.

आपण समुद्राजवळ राहता, म्हणून आणखी एक. जिप्सीचा पत्रा खाऱ्या हवेत लवकर जातो, विशेषतः चाकांवरच्या कमानींत, पायाखालच्या तळात आणि बॉडी ज्या रबरांवर बसते त्या जागी. दर पावसाळ्यानंतर चेसिस आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, पोकळीत मेण किंवा गंजरोधक तेल फवारावे. वाळूत गाडी नेण्याची हौस मात्र आपल्या किनाऱ्यावर पुरवू नये. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि त्यांची घरटी वरून दिसत नाहीत.

प्रश्न : फोर बाय फोर लावून सोसायटीच्या आवारात गाडी वळवताना स्टिअरिंग जड होते आणि खालून कटकट असा आवाज येतो. गॅरेजवाले ट्रान्स्फर केस उघडायला सांगत आहेत.
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : ताई, ट्रान्स्फर केस अजिबात उघडू देऊ नका. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठे वर्तुळ कापतात, परंतु फोर बाय फोर लावले की या जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जातात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या काँक्रीटवर ते घसरू शकत नाही, म्हणून शाफ्ट पिळला जातो आणि आपण ऐकता तो आवाज येतो. गाडी निरोगी आहे. घट्ट रस्त्यावर टू व्हील ड्राइव्हच ठेवावा. लिव्हर अडकली, तर थोडे सरळ मागे घेऊन काढावी. महिन्यातून एकदा कच्च्या मैदानावर फोर बाय फोर लावून दोन किलोमीटर अवश्य चालवावी, म्हणजे पुढच्या ॲक्सलचे तेल वरपर्यंत पोहोचते.

प्रश्न : दिल्लीहून येणारी जुनी जिप्सी स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना १० आणि पेट्रोल गाड्यांना १५ वर्षांची मर्यादा घालण्यात आल्याने तिथल्या चांगल्या गाड्याही स्वस्तात निघाल्या, हे खरे आहे. पैसे देण्यापूर्वी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हातात घ्यावे आणि चेसिसवर ठोकलेला क्रमांक स्वतः वाचून नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. त्या जागी ताजा रंग, ग्राइंडरचे ओरखडे किंवा वेल्डिंग दिसले, तर गाडी कितीही आवडली असली तरी परत फिरावे. इथे आणल्यावर १५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो, तो खर्च किमतीत धरावा.

प्रश्न : आजोबांची १९६८ ची सीजे ३बी आमच्याकडे आहे. नव्वदच्या दशकात तिचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले आणि तशी नोंदही झाली. सुदैवाने मूळ इंजिन कोठीत जपून ठेवले आहे. ते परत बसवून गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी असे वाटते. सध्या द्राक्षबागेत जाण्यासाठी ती रोज वापरतो.
— एक वाचक, निफाड, जि. नाशिक

उत्तर : आपल्या आजोबांनी किंवा वडिलांनी ते इंजिन भंगारात घातले नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. त्या काळी डिझेल स्वस्त असल्याने हजारो जीपची इंजिने अशी बदलली गेली आणि मूळची वजनावर विकली गेली. या गाडीचे बॉनेट इतके उंच आहे ते याच हरिकेन इंजिनामुळे : त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असल्याने ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झाले आणि त्याला सामावण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. ते इंजिन परत बसले, की या गाडीचा चेहरा पुन्हा अर्थपूर्ण होईल.

नोंदणीबाबत मात्र घाई करू नये. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेले वाहन व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे टिकते, पुढील नोंदणीस ५,००० रुपये लागतात आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. परंतु असे वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतेच ते बाहेर काढता येते. रोज बागेत जाणाऱ्या गाडीला हे बंधन जाचक होईल. म्हणून माझा सल्ला असा की आधी परिवहन कार्यालयात अर्ज करून इंजिन आणि इंधन यांतील बदलाची परवानगी घ्यावी, मूळ इंजिन बसवून नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी आणि व्हिंटेजचा विचार दुसरी गाडी घ्याल तेव्हा करावा.

इंजिन बसवताना जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि सर्व रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीच्या घ्याव्यात. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात मऊ पडून झिरपू लागते. तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी ही झिरप म्हणजे आगीला निमंत्रण. इंजिनावरचा ठोकलेला क्रमांक जुन्या नोंदणी पुस्तकाशी आजच ताडून घ्यावा, त्याचे स्पष्ट छायाचित्र काढून अर्जाला जोडावे, आणि ब्लॉक साफ करायला देताना तो भाग वाळूच्या फवाऱ्याखाली येऊ नये म्हणून त्यावर जाड चिकटपट्टी स्वतःच्या हाताने लावून मगच वर्कशॉपमध्ये सोडावा.